राईन ओलांडणारी ट्राम

"व्हर्सायच्या तहानुसार जर्मनीला आल्सेस व लॉरेन हे प्रांत फ्रान्सला परत द्यावे लागले." हे वाक्य मी तीसेक वर्षं फळ्यावर लिहिलं. दोन मार्कांचा प्रश्न. पोरं 'आल्सेस-लॉरेन' असं एका दमात म्हणायची, जणू पाठीला पाठ लावून आलेल्या दोन बहिणीच. मीही त्यापलीकडे कधी गेलो नाही. तहाची कलमं पाठ करून घ्यायची आणि हिटलरच्या उदयाकडे वळायचं. वार्षिक परीक्षा डोक्यावर असायची आणि पोर्शन तर कधी पुरा होतच नाही!

पण प्रांत 'परत' जातो म्हणजे नेमकं काय होतं? तिथल्या पोस्टमनचं काय होतं? शाळेतल्या मास्तरांचं काय होतं? आणि नदी ओलांडून जाणाऱ्या ट्रामचं काय होतं? आज त्या ट्रामबद्दलच लिहायचं आहे. सध्या वर्तमानपत्रात रोज 'कार्बन उत्सर्जन', 'हरित वाहतूक' वगैरे शब्द येतात. ते वाचताना मला हटकून ही ट्राम आठवते. तिची गोष्ट कार्बनपासून सुरू होत नाही, सुरुंगापासून होते.

आल्सेसची राजधानी स्ट्रासबुर्ग. शहराच्या पूर्वेला राईन नदी आणि नदीपलीकडे जर्मनीतलं केल नावाचं गाव. (नाव ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "काय केल?" तर तो विनोद करून झालेला आहे, पुन्हा करू नये.) स्ट्रासबुर्गची वस्ती पावणेतीन लाखांच्या पुढे, केलची चाळीस हजारांच्याही आत. मधल्या राईनवर १८६१ साली रेल्वेचा पूल झाला. त्या पुलाची रचना मोठी बोलकी होती. दोन्ही टोकांना किल्ल्यासारख्या कमानी आणि टोकाचा भाग फिरवून बाजूला घेता येईल असा. शिवाय वेळ आली तर पूल उडवता यावा याची सोयही बांधतानाच करून ठेवलेली. म्हणजे शेजाऱ्याकडे जायला दार करायचं आणि त्याच दाराच्या चौकटीत दारू ठासून ठेवायची! ती वेळ नऊ वर्षांतच आली. जुलै १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू होताच जर्मन बाजूने आपल्याकडचं टोक उडवून दिलं. पुढे स्ट्रासबुर्गला वेढा पडला, तोफा डागल्या गेल्या. ऑगस्टमधल्या एका रात्री शहराचं ग्रंथालय जळालं आणि त्यात बाराव्या शतकातलं 'होर्टुस डेलिचियारुम' हे चित्रांकित हस्तलिखितही गेलं. १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहाने आल्सेस जर्मनीकडे गेलं.

पुढचा हिशेब आता एखाद्या बाईच्या आयुष्यावर मांडून पाहा. समजा ती १८६८ साली स्ट्रासबुर्गमध्ये जन्मली. जन्माने फ्रेंच. तिसऱ्या वर्षी जर्मन झाली. पन्नाशीला, १९१८ साली, पुन्हा फ्रेंच. १९४० साली हिटलरने प्रांत गिळला, म्हणजे पुन्हा जर्मन. नोव्हेंबर १९४४ मध्ये जनरल लेक्लेर्कच्या रणगाड्यांनी शहर सोडवलं तेव्हा पुन्हा फ्रेंच. तेव्हा तिचं वय शहात्तर, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. घर एकच, चूल एकच, बोलीही एकच. ही बोली नदीपलीकडच्या बाडेनमधल्या बोलीची सख्खी बहीण. राष्ट्रीयत्व मात्र चार वेळा बदललं. तिचे नातू असते तर १९४२ नंतर त्यांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केलं असतं. आल्सेस आणि शेजारच्या मोझेल भागातले लाखाहून जास्त तरुण असे नेले गेले. त्यांना तिकडे 'मनाविरुद्ध गेलेले' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

पलीकडच्या केलचे हाल वेगळे. १९४४ च्या अखेरीस गाव रिकामं करवलं गेलं, युद्धानंतर ते फ्रेंचांच्या ताब्यात राहिलं आणि तिथल्या घरांत स्ट्रासबुर्गची माणसं राहायला आली. मूळच्या रहिवाशांना गाव परत मिळालं ते हप्त्याहप्त्याने, एकेक भाग करून. शेवटचा भाग मिळायला एप्रिल १९५३ उजाडला. म्हणजे लढाई संपून आठ वर्षं होत आली तरी आपल्याच घराला दुरून बघायचं! असल्या दोन गावांनी पुढे एकत्र बसून ट्रामचं वेळापत्रक ठरवलं, हे मला कुठल्याही तहापेक्षा मोठं वाटतं.

ट्रामचा इतिहास म्हणजे या सगळ्या उलथापालथीच्या मधून गेलेली एक बारीकशी रेघ. स्ट्रासबुर्गमध्ये घोड्यांची ट्राम १८७८ साली सुरू झाली (आपल्या मुंबईत १८७४, चार वर्षं आधीच बरं का!). शतक संपता संपता ती विजेवर आली आणि रूळ राईन ओलांडून केलपर्यंत गेले. तेव्हा दोन्ही काठ एकाच साम्राज्यात होते, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरज नव्हती. मग सीमा नदीवर आली, सरकली, पुन्हा आली. दुसऱ्या महायुद्धात पूल पुन्हा उद्ध्वस्त झाले आणि नदीपारची ट्राम संपली ती संपलीच.

१९६० साल या गोष्टीत दोनदा येतं. त्या वर्षी राईनवर मोटारींसाठी नवा पूल खुला झाला. नाव 'युरोप पूल'. युरोप परिषदेचं ठाणं १९४९ पासून स्ट्रासबुर्गमध्येच होतं, तेव्हा नाव शोभणारंच होतं. आणि त्याच वर्षी स्ट्रासबुर्ग शहरातली उरलीसुरली ट्रामही बंद झाली. (इकडे त्याच वर्षी आपला महाराष्ट्र जन्माला आला, आणि चार वर्षांनी, ३१ मार्च १९६४ ला, मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली.) जगभर त्या काळी ट्राम म्हणजे जुनाट अडगळ आणि मोटार म्हणजे प्रगती असंच वातावरण होतं. दोन शत्रूंची मैत्री झाली, पण ती मोटारीत बसून झाली, असं म्हणायला हरकत नाही. पुलावर तपासणी नाकं, नाक्यावर रांग, रांगेत इंजिनं चालू.

राईनचं हे खोरं पश्चिमेला व्होज आणि पूर्वेला ब्लॅक फॉरेस्ट अशा दोन डोंगररांगांच्या मध्ये खोलगट बसलेलं आहे. हिवाळ्यात वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर खालीच कोंडतो. फ्रेंच मोटारींचा धूर फ्रान्समध्ये आणि जर्मनांचा जर्मनीत राहत नाही. धुराला पासपोर्ट लागत नाही. एका काठाने कितीही नियम केले तरी दुसऱ्या काठाने साथ दिल्याशिवाय उपयोग नाही, ही गोष्ट तिथल्या नगरपालिकांना हवामान परिषदा गाजायच्या आधीच नाकाने कळलेली असणार.

खरी कलाटणी मिळाली १९८९ साली, आणि तीही नगरपालिकेच्या निवडणुकीत. स्ट्रासबुर्गमध्ये वाद पेटला होता: जमिनीखालून जाणारी स्वयंचलित मेट्रो हवी की रस्त्यावरून जाणारी ट्राम? लील शहरात तशी मेट्रो १९८३ पासून धावत होती आणि ती आधुनिकतेची खूण होती. दुकानदार मेट्रोच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, ट्रामसाठी रस्ते अडवले तर गिऱ्हाईक येणार कुठून? कातरीन त्रोतमान या समाजवादी उमेदवार ट्रामच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि महापौर झाल्या. त्यातला बारकावा असा की मेट्रो जमिनीखाली गेली की वरचा रस्ता मोटारींना मोकळाच राहतो. ट्राम मात्र रस्त्यातली जागाच मागते. त्यांना तेच हवं होतं. शहराच्या मधोमध असलेल्या क्लेबर चौकातून रोज हजारो मोटारी जात, तो १९९२ मध्ये मोटारींना बंद केला. नोव्हेंबर १९९४ मध्ये नवी ट्राम सुरू झाली. खाली बुटकी, मोठमोठ्या काचांची, पायरी न चढता आत शिरता येईल अशी. आणि १९९५ साली बाई पुन्हा निवडून आल्या. पुढाऱ्यांनी मोटारवाल्यांना दुखवलं की मतं जातात असं आपल्याकडे ठामपणे मानतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता ट्राम नदीपर्यंत न्यायची तर अडचण वेगळीच. दोन देशांनी करार करायचा म्हटला तर परराष्ट्र खातं आहे, राजदूत आहेत. पण एका गावच्या नगरपालिकेने दुसऱ्या देशातल्या नगरपालिकेशी करार करायचा कुठल्या अधिकाराने? गडहिंग्लज नगरपालिकेने उद्या थेट नेपाळातल्या एखाद्या नगरपालिकेशी बसचा करार केला तर दिल्लीत काय होईल, कल्पना करा! युरोपात ही वाट फार हळू मोकळी झाली. १९८० साली युरोप परिषदेने माद्रिदमध्ये एक मसुदा पुढे आणला, सीमेवरच्या स्थानिक संस्थांनी एकमेकींशी कसं वागावं याचा. पण तो चौकटीपुरताच. १९९० पासून युरोपीय समुदायाने 'इंटररेग' नावाची योजना काढून सीमेवरच्या सामाईक कामांना पैसे द्यायला सुरुवात केली. आणि जानेवारी १९९६ मध्ये कार्ल्सरूह इथे फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड यांनी करार केला, की त्या टापूतल्या स्थानिक संस्था आपल्या अधिकारातल्या कामांसाठी पलीकडच्या संस्थांशी थेट करार करू शकतील, सामाईक मंडळंही काढू शकतील. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्यासारखी ही बातमी नव्हे. पण अशा रुक्ष कागदाशिवाय रूळ नदी ओलांडत नाहीत.

माझी बरीच नोकरी सीमाभागात झाल्यामुळे असेल, मला हे कागद वाचताना कंटाळा आला नाही. आमच्या शाळेत संकेश्वरकडची पोरं यायची, घरी कन्नड, वर्गात मराठी, आणि मधल्या सुट्टीत दोन्ही. त्यांच्या बसवर कुठल्या राज्याचं नाव आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, बस वेळेवर येते की नाही एवढंच. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पुन्हा तापला आणि दोन राज्यांमधल्या एसटी काही दिवस थांबल्या तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती त्या पोरांचीच. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

स्ट्रासबुर्ग आणि केलच्या आसपासचा ओर्टेनाऊ जिल्हा यांनी मिळून एक सामाईक 'युरोजिल्हा' करावा अशी घोषणा २००३ मध्ये झाली, फ्रेंच-जर्मन मैत्रीच्या १९६३ च्या एलिझे कराराला चाळीस वर्षं झाली त्या निमित्ताने. प्रत्यक्ष करारावर सह्या झाल्या २००५ च्या ऑक्टोबरात. दरम्यान दोन्ही काठांवर मिळून एक बाग झाली आणि २००४ मध्ये तिच्यातून नदीवर पायी आणि सायकलने जायचा एक डौलदार पूल आला. मोटारीला तिथे मज्जाव. २००९ च्या एप्रिलमध्ये नाटोची परिषद भरली तेव्हा बडे बडे राष्ट्रप्रमुख या पुलावर भेटले. आणि त्याच वेळी जवळच्या पोर द्यु राँ या गरीब वस्तीत निदर्शनांचा भडका उडून एक हॉटेल आणि जुनं जकात नाकं जळालं. त्या वस्तीचं दुःख जुनं होतं. स्ट्रासबुर्ग शहर शतकभर राईनकडे पाठ करूनच वाढलं. मध्ये बंदर, गोदामं, लष्कराची जागा, आणि त्यापलीकडे सीमेच्या तोंडाशी ही वस्ती, ना शहरात ना गावात. ट्राम नदीकडे न्यायची ती फक्त जर्मनीत जाण्यासाठी नव्हती, या पडीक पट्ट्यातून शहर वाढवायचं होतं. मला वाटतं म्हणूनच ती झाली. नुसत्या मैत्रीच्या भाषणांवर कोणी रूळ टाकत नाही.

मग नवा पूल बांधला. ट्राम, सायकली आणि पादचारी यांच्यासाठी, मोटारींना जागा नाही. नाव दिलं बेआटुस रेनानुस, म्हणजे शेजारच्या सेलेस्टा गावचा सोळाव्या शतकातला विद्वान, इरॅस्मसचा मित्र. सेनापतीचं नाव न देता पुस्तकवेड्या माणसाचं दिलं हे पाहून माझ्यातला मास्तर सुखावला. एप्रिल २०१७ च्या अखेरीस 'ड' मार्गाची ट्राम केलच्या रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊ लागली, आणि नोव्हेंबर २०१८ पासून गावाच्या मध्यात, नगरपालिकेच्या दारापर्यंत.

यात किती बारीकसारीक भानगडी असतील! जर्मनीत ट्राम रस्त्यावरचं वाहन मानून तिचे नियम केलेले, फ्रान्सचे नियम निराळे. तेव्हा नव्या गाड्या दोन्ही नियमावल्यांत बसतील अशा घ्याव्या लागल्या. सिग्नल कोणाचे, अपघात झाला तर पोलीस कुठले, तिकीट कुठल्या दराने, खर्चाची वाटणी कशी. आपल्याकडे दोन भावांच्या सामाईक विहिरीवर मोटर बसवायची तर पाच बैठका होतात. इथे दोन देश, दोन भाषा आणि दोन कायदे.

२०१८ च्या उन्हाळ्यात धाकटीकडे ऑफेनबुर्गला गेलो होतो तेव्हा या ट्राममध्ये बसलो. केलच्या स्टेशनपासून निघाली, एक वळण घेतलं आणि पुलावर आली. खाली राईन, कृष्णेच्या पुरासारखी तुडुंब. मी खिशातला पासपोर्ट चाचपत होतो. कोणी विचारलं नाही. समोर एक आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होत्या आणि पूल संपला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. ज्या पाण्यासाठी तीन युद्धं झाली ते एका डुलकीत मागे गेलं. पुढे शहराच्या मध्यात 'लोखंडी माणूस' नावाच्या थांब्यावर उतरलो. (एका औषधाच्या दुकानावर चिलखत घातलेला पुतळा आहे, त्यावरून हे नाव.) धाकटीने सांगितलं, आगगाडी तर आधीही होतीच आणि बसही, पण ट्राम मोहल्ल्या-मोहल्ल्यातून जाते, म्हणून लोक मोटार घरी ठेवतात.

सगळेच काही धूर कमी व्हावा म्हणून ट्राममध्ये चढत नाहीत, हेही सांगायला हवं. जर्मनीत तंबाखू, सिगारेट फ्रान्सपेक्षा स्वस्त. त्यामुळे शनिवारी ट्राम गच्च भरून केलला येते आणि पिशव्या भरून परत जाते. केलकर (म्हणजे केलचे लोक, न. चिं. केळकर नव्हेत!) त्यावर कुरकुरतात, दुकानदार हसतात. फुप्फुसं वाचवायला काढलेली गाडी सिगारेटी वाहून नेते, यावर काय बोलावं? तरी तीच माणसं आधी मोटारीने येऊन युरोप पुलावर रांगा लावायची, तेव्हा हिशेब अगदीच तोट्याचा नाही.

वीज कुठली हाही प्रश्न आहेच. युरोपीय संघाच्या एकूण उत्सर्जनाचा सुमारे पाचवा भाग एकट्या रस्त्यावरच्या वाहतुकीतून होतो, म्हणून मोटारीकडून विजेच्या गाडीकडे वळायचं. पण वीज कोळशाची असेल तर धूर नुसता गाव बदलतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फ्रान्सची बहुतांश वीज अणुभट्ट्यांतून येते, म्हणजे तिथे कार्बन कमी. आणि नेमकं त्यावरूनच शेजाऱ्यांचं भांडण. राईनच्या फ्रेंच काठावर फेसेनहाइमची अणुभट्टी होती, पलीकडचे जर्मन वर्षानुवर्षं ती बंद करा म्हणत होते. ती जून २०२० मध्ये बंद झाली. जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्याही एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या. ट्रामच्या रुळावर एकमत झालं, तारेतल्या विजेवर नाही.

राईनवरच थोडं वर, बासेल इथे, स्विस लोकांनी आणखी रोखठोक हिशेब केला. तिथल्या जुन्या सीमापार ट्राम साठच्या दशकाअखेर बहुतेक बंद पडल्या होत्या. त्यांनी २०१४ मध्ये एक मार्ग जर्मनीतल्या वाइल गावापर्यंत आणि २०१७ मध्ये दुसरा फ्रान्समधल्या सें-लुई स्टेशनपर्यंत नेला, आणि परदेशातल्या त्या रुळांना स्विस केंद्र सरकारनेही पैसे दिले. कारण सकाळी बासेलमध्ये शिरणाऱ्या मोटारी निघतात तिकडूनच! आपल्या रस्त्यावरची गर्दी कमी करायची तर पैसा शेजाऱ्याच्या अंगणात खर्च करावा लागतो. आमचे वडील शेताच्या बांधापलीकडची चारी स्वतःच्या खर्चाने साफ करत, त्यातलाच हा प्रकार.

आणि मग २०२० चा मार्च. करोना. जर्मनीने १६ तारखेला सीमा बंद केली, पुलावरची ट्राम थांबली. धाकटी फोनवर सांगायची, नदीच्या दोन काठांवर उभं राहून माणसं एकमेकांना हात करतात. त्याच दिवसांत आल्सेसमधली इस्पितळं भरून वाहत होती, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या इस्पितळांनी तिथले अत्यवस्थ रुग्ण आपल्याकडे घेतले. माणसं चालत जाऊ शकत नव्हती, पण व्हेंटिलेटरवरची माणसं जात होती. जूनच्या मध्यात सीमा उघडली, तेव्हा ट्राम पुन्हा पलीकडे जाऊ लागली.

सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, बेकायदा स्थलांतराचं कारण देऊन. धाकटी म्हणते, कधी कधी केलच्या थांब्यावर पोलीस चढतात, दोन-चार जणांचे कागद बघतात आणि उतरतात. कोणाचे बघतात, असं मी विचारलं. "आपल्यासारख्यांचे आधी," ती म्हणाली. म्हणून आता ती ट्रामने भाजी आणायला जातानासुद्धा पासपोर्ट बरोबर ठेवते.